आधी ऐकू या : स्वमग्न मुलांचे वाढणे आणि आपले वसतिगृह

निवासी शाळेत मूल चोवीस तास आपल्याजवळ असते. गावातील शाळेच्या शिक्षकाला विद्यार्थ्याचे पाच-सहा तास दिसतात. आम्हा निवासी शाळेतील शिक्षकांना त्याचे उठणे, आंघोळ, वंदना, जेवण, अभ्यास, खेळ, झोप आणि झोपेतले दचकणेही दिसते. एवढ्या सहवासामुळे मुलाला आपण पुरते ओळखतो, असे कोणत्याही शिक्षकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काही मुले अशी असतात, की ती वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहूनही त्यांच्या मनात काय चालले आहे, याचा थांग लागत नाही. स्वमग्न मुले त्यांपैकी होत. स्मरणिकेच्या निमित्ताने या मुलांविषयी थोडा अभ्यास मांडावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे शंभर ते सव्वाशे व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न असते. हे प्रमाण धरले, तर तीनशे मुलांच्या निवासी शाळेत अशी दोन-तीन मुले असण्याचा संभव आहे. त्यांच्याजवळ प्रमाणपत्र असेलच असे नाही. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या आपल्या नऊ तालुक्यांतील खेड्यापाड्यांत अशा मुलाला 'ऑटिझम' हा शब्द मिळण्याच्या कितीतरी आधी दुसरे शब्द मिळालेले असतात : हट्टी, घुमा, येडं, मुकं, आपल्याच तंद्रीत राहणारं.

असे मूल वसतिगृहात दाखल झाले, की थोड्याच दिवसांत एक प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत येतो : हे मूल आपल्याकडे राहू शकेल काय? मग वर्गशिक्षकांना विचारले जाते, अधीक्षकांना विचारले जाते, आईवडिलांना बोलावले जाते, डॉक्टरांचे मत घेतले जाते. ज्याच्या राहण्या-न राहण्याचा हा प्रश्न असतो, त्याला मात्र बहुधा कोणी विचारत नाही. त्याला विचारून काय उपयोग, त्याला काय सांगता येणार, असे गृहीत धरलेले असते. या लेखात आमचे म्हणणे थोडकेच आहे. त्या मुलाला आधी विचारावे, त्याला उत्तर देता येईल अशा रीतीने विचारावे, आणि त्याने दिलेल्या उत्तरामुळे शाळेत काहीतरी बदलावे.

कोणाचे ऐकले गेले?

'ऑटिझम' हा शब्द ग्रीक भाषेतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून १९११ च्या सुमारास स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी रूढ केला. तेव्हा तो वेगळ्याच आजाराच्या संदर्भात वापरला जाई. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि हा शब्द बालकांच्या एका वेगळ्या अवस्थेचे नाव बनला. मराठीत आपण त्याला 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द सुबक आहे, परंतु तो बाहेरून पाहणाऱ्याचा आहे. मूल स्वतःतच बुडालेले आहे, त्याला आपल्याशी काही देणेघेणे नाही, असे तो शब्दच आधी सांगून टाकतो. मुलाला तसे वाटते की नाही, हे त्या शब्दात कोठेही नाही. रूढ झाला आहे म्हणून आम्हीही तो वापरतो, परंतु वापरताना एवढे भान ठेवलेले बरे.

कॅनर यांच्या लेखातील माहिती प्रामुख्याने त्यांच्या स्वतःच्या निरीक्षणातून आणि पालकांच्या कथनातून आलेली होती. पुढच्या काळात पालकांचेही ऐकेनासे झाले. आईच्या थंड वागणुकीमुळे मूल असे होते, हा विचार बळावला आणि ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तो दूरवर पोहोचवला. त्याआधी, १९६४ मध्येच, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने ही अवस्था मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहे, आईच्या प्रेमाशी नव्हे, असे साधार मांडले होते. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आपल्याकडेही पालक शाळेत आले की पहिला प्रश्न 'आमचं काय चुकलं?' हाच असतो. त्यांना निःशंकपणे सांगावे, की मायेत उणे पडल्यामुळे मूल स्वमग्न होत नाही. आपल्या देशात या विषयाला वाचा फोडण्याचे मोठे काम पालकांनीच केले. १९९१ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'ॲक्शन फॉर ऑटिझम' या संस्थेच्या संस्थापक मेरी बरुआ याही एका स्वमग्न मुलाच्या आई आहेत.

पालकांनंतर स्वमग्न प्रौढ स्वतः बोलू लागले. टेम्पल ग्रँडिन यांचे आत्मकथन १९८६ मध्ये आले. १९९३ मध्ये टोरांटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून असा विचार मांडला, की तुम्ही जो शोक करता तो तुमच्या कल्पनेतील दुसऱ्या मुलासाठी आहे. समोरचे मूल तर जिवंत आहे आणि तुमची वाट पाहत आहे. २०१२ मध्ये इंग्लंडमधील डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने आणखी एक महत्त्वाचा मुद्दा पुढे आणला. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, असे नेहमी म्हटले जाते. परंतु इतरांना तरी स्वमग्न व्यक्तीचे मन कोठे कळते? न समजणे हे दोन्ही बाजूंचे असते, दोष मात्र एकाच बाजूच्या पदरात घातला जातो.

आधी डॉक्टर, मग पालक, मग स्वमग्न प्रौढ, असा हा क्रम आहे. या क्रमात मूल सर्वांत शेवटी येते. वास्तविक कायदा त्याला मागे ठेवत नाही. बालहक्कांविषयीच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील बाराव्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला असून भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, त्यांत स्वमग्नता आहे. याच अधिनियमाच्या चौथ्या कलमात असे म्हटले आहे, की दिव्यांग बालकांना त्यांच्यावर परिणाम करणाऱ्या सर्व बाबींत आपले मत मोकळेपणाने मांडण्याचा समान हक्क राहील आणि त्यासाठी त्यांचे वय व दिव्यांगत्व लक्षात घेऊन योग्य ते साहाय्य पुरविले जाईल. 'साहाय्य' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. केवळ 'बोल' असे म्हणून हा हक्क पुरा होत नाही.

त्यांची बोलण्याची रीत

काही स्वमग्न मुले अस्खलित बोलतात, काही मोजके बोलतात, काही तोंडाने बोलतच नाहीत. परंतु सर्वच काही ना काही सांगत असतात. ते ऐकू येण्यासाठी त्यांच्या रीतीची थोडी ओळख हवी.

पहिली गोष्ट पुनरुच्चाराची. आपण विचारले, 'जेवलास का?' आणि मूलही म्हणाले, 'जेवलास का?' तर ते चेष्टा करते किंवा त्याला कळत नाही, असे आपल्याला वाटते. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की अशा पुनरुच्चाराला अनेक हेतू असतात. कधी तो होकार असतो, कधी विचार करण्यासाठी घेतलेला वेळ असतो, कधी मागणी असते. आई रोज संध्याकाळी 'भूक लागली का रे तुला?' असे विचारत असेल, तर वसतिगृहात भूक लागल्यावर ते मूल तेच वाक्य, त्याच सुरात, आपल्याला म्हणू शकते. 'तुला पाणी पाहिजे' असे ते म्हणते, तेव्हा 'मला पाणी पाहिजे' असा त्याचा अर्थ असू शकतो. सर्वनामांची ही अदलाबदल कॅनर यांनीही नोंदवली आहे. म्हणून मुलाचे असे एखादे ठरावीक वाक्य ते कोठून घेऊन आले आहे, हे आईला विचारून ठेवावे. वाक्य निरर्थक असते असे नाही. त्याचा अर्थ त्या घरी असतो.

दुसरी गोष्ट शब्दशः अर्थ घेण्याची. कॅनर यांच्या नोंदीतील पहिल्या मुलाला 'खाली ठेव' म्हटले, की तो वस्तू जमिनीवरच ठेवी. आपण वर्गात म्हणतो, 'एक मिनिट थांब.' मूल मनात साठ मोजते आणि लगेच पुन्हा येऊन उभे राहते. आपण रागाने विचारतो, 'तुला किती वेळा सांगितलं?' ते उत्तर देते, 'चार वेळा.' हा उद्धटपणा समजून त्याला शिक्षा झाली, तर त्याच्या दृष्टीने ती खरे उत्तर दिल्याबद्दल झालेली शिक्षा असते. यापुढे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणेच बरे, एवढे ते त्यातून शिकते.

तिसरी गोष्ट देहाच्या भाषेची. कानांवर हात ठेवणे, हात फडफडवणे, गोल फिरणे, पंक्तीतून उठून पळणे, ठरावीक पदार्थच खाणे, भिंतीशी तोंड करून बसणे या सर्व कृती काहीतरी सांगतात. हट्ट आणि कोसळणे यांतील फरकही ध्यानात घ्यावा. हट्ट करणाऱ्या मुलाला हवी ती वस्तू मिळाली, की हट्ट संपतो. सहन होण्यापलीकडे गेल्यामुळे कोसळलेले मूल वस्तू देऊन शांत होत नाही. त्याला कमी आवाज, कमी प्रकाश, कमी माणसे आणि वेळ यांची गरज असते. त्या क्षणी केलेला उपदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट तो आणखी एक आवाज ठरतो.

मुलींच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. निदान झालेल्यांत मुलग्यांची संख्या पुष्कळ जास्त असते. त्याचे एक कारण असे, की अनेक मुली इतरांचे पाहून तसे वागण्याचा अतोनात प्रयत्न करतात. मैत्रिणी हसल्या की हसणे, त्या गप्प झाल्या की गप्प होणे, असे दिवसभर मुखवटा घालून वावरणारी मुलगी 'शांत आणि गुणी' म्हणून नावाजली जाते. रात्री अंथरुणात ती का रडते, हे कोणाला कळत नाही.

वसतिगृहाचा दिवस मुलाच्या बाजूने

आता आपला रोजचा दिवस अशा मुलाच्या बाजूने पाहू. सकाळची वंदना रोज त्याच वेळी, त्याच शब्दांत, त्याच सुरात होते. पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे एखाद्या स्वमग्न मुलाला तो दिवसातील सर्वांत निश्चिंत काळ वाटू शकतो. मात्र लगेच कवायतीची शिट्टी वाजते. मग न्याहारीच्या वेळी शे-दोनशे स्टीलच्या ताटांचा खणखणाट, पत्र्याखाली घुमणारा गोंगाट, फिनेलचा वास, नव्या गणवेशाची खळ आणि मानेला टोचणारी चिठ्ठी. आपल्या मेंदूत यांतील बहुतेक गोष्टी आपोआप मागे सारल्या जातात. अनेक स्वमग्न व्यक्तींनी लिहून ठेवले आहे, की त्यांच्या बाबतीत काहीच मागे सारले जात नाही. ग्रँडिन यांनी लहानपणी शाळेची घंटा कानांत अक्षरशः दुखत असे, असे सांगितले आहे.

काही मुलांना आतल्या जाणिवाच नीट कळत नाहीत. तहान लागली आहे, ताप आला आहे, पोट दुखते आहे, हे त्यांना उशिरा उमगते. परभणीत मार्च-एप्रिलमध्येच पारा चाळिशी गाठतो. अशा दिवसांत 'तहान लागली की पाणी पी' ही सूचना अशा मुलाला पुरेशी नाही. घड्याळाकडे पाहून पाणी प्यायचे, असा क्रमच त्याला लावून द्यावा लागतो.

सर्वांत कठीण जातो तो बदल. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांना वसतिगृह हा आधार असतो. परंतु आई कोणत्या दिवशी जाणार, कोणत्या महिन्यात येणार, तोपर्यंत फोन कोणत्या वारी होणार, हे स्वमग्न मुलाला कोणी सांगितले नाही, तर त्याच्यासाठी आई एका दिवशी अचानक नाहीशी होते. भिंतीवर दिनदर्शिका लावून, फोनचे वार रंगवून, आईचे चित्र परतीच्या महिन्यावर चिकटवून हे सांगता येते. यासाठी खर्च जवळपास काहीच येत नाही.

विचारावे कसे?

'तुला कसं वाटतं?' हा प्रश्न फार मोठा आहे. त्यापेक्षा लहान, नेमका आणि डोळ्यांना दिसणारा प्रश्न बरा. ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी इंग्लंडमध्ये २००१ मध्ये लहान मुलांचे ऐकण्याची एक पद्धत मांडली. तीत मूलच मोठ्या माणसाला आपल्या जागा फिरवून दाखवते, छायाचित्रे काढते, नकाशा तयार करते. ती आपल्याला सहज वापरता येईल. शाळेचा साधा नकाशा काढून द्यावा. जेथे बरे वाटते तेथे हिरवा रंग आणि जेथे नको वाटते तेथे लाल रंग द्यायला सांगावे. भोजनगृह लाल झाले आणि ग्रंथालयामागचा कोपरा हिरवा झाला, तर मुलाने एक शब्दही न उच्चारता बरेच काही सांगितलेले असते.

विचारताना समोरासमोर बसून 'माझ्याकडे बघून बोल' असा आग्रह धरू नये. पुष्कळ स्वमग्न मुलांना नजरेला नजर देणे क्लेशकारक वाटते; बघायचे की ऐकायचे, यांतील एकच गोष्ट त्यांना जमते. शेजारी बसावे, सोबत चालावे, हाताला काही काम असू द्यावे. प्रश्न एकदाच विचारावा आणि थांबावे. उत्तर यायला अर्धा मिनिट लागेल, कधी दुसरा दिवस उजाडेल. लिहिता येणाऱ्या मुलाला चिठ्ठी लिहू द्यावी. न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रांचे तक्ते करावेत. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' आणि चेन्नईत तयार झालेले 'आवाज' अशी चित्रांवर बोट ठेवून बोलता येणारी ॲपही उपलब्ध आहेत.

येथे दोन धोके सांगणे अगत्याचे आहे. पहिला असा, की पुष्कळ मुले मोठ्या माणसाला बरे वाटावे म्हणून प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतात. 'इथं आवडतं ना?' या प्रश्नाच्या 'हो'ला काही किंमत नाही. दोन पर्याय द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा क्रम उलटा करून पुन्हा विचारावे. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. मुलाचा हात धरून अक्षरांवर बोट फिरवण्याची एक पद्धत १९९० च्या दशकात अनेक देशांत पसरली होती. तपासण्या केल्या, तेव्हा उमटणारी वाक्ये हात धरणाऱ्याची होती, मुलाची नव्हती, असे आढळले. ऐकण्याच्या उत्साहात आपलेच शब्द मुलाच्या तोंडी घालणे हेही एक प्रकारचे न ऐकणेच आहे. मुलाचे जेवढे कळले तेवढेच लिहावे. जे कळले नाही, तेथे जागा कोरी सोडावी.

'नको' या शब्दाची किंमत

मूल मोठे होते, तसा हा विषय अधिक नाजूक होतो. वयात येताना शरीर बदलते, घाम आणि वास बदलतात, पाळी येते, दाढी-मिशा फुटतात. ज्याला शर्टाची चिठ्ठीही सहन होत नाही, त्याला हे सारे किती जड जात असेल, याची कल्पना करावी. हे बदल घडण्याआधी चित्रांनी आणि सरळ शब्दांनी सांगितले पाहिजेत. 'आता तू मोठी झालीस' या वाक्यातून स्वमग्न मुलीला काहीच कळत नाही.

याहून मोठी गोष्ट संरक्षणाची आहे. ज्या मुलाला झालेला प्रकार सांगता येत नाही, ते वाईट हेतूच्या माणसाला सोपे सावज वाटते. वसतिगृह चालविणाऱ्या प्रत्येकाने हे सत्य डोळ्यांसमोर ठेवावे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ मध्ये दिव्यांग बालकाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्या बालकाची संवादाची रीत ओळखणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे. मुलाची स्वतःची भाषा असू शकते, हे कायद्याने मान्य केले आहे. परंतु ती भाषा जाणणारा कोणी शाळेत असेल, तरच या तरतुदीचा उपयोग होईल.

आणि याची सुरुवात अगदी साध्या ठिकाणी होते. दिवसभरात मूल दहा वेळा 'नको' म्हणते : हा स्पर्श नको, हा आवाज नको, ही भाजी नको. दहाही वेळा त्याला दामटले, तर आपल्या 'नको'ला अर्थ नाही, हे ते शिकते. मग जेथे 'नको' म्हणणे अत्यावश्यक असते, तेथेही ते म्हणत नाही. म्हणून जे 'नको' मानता येण्यासारखे असेल ते मानावे. जे मानता येणार नाही, जसे इंजेक्शन किंवा औषध, तेथे ऐकले आहे असे सांगून कारण द्यावे. भोजनगृहात वरण-भात एकत्र नको म्हणणाऱ्या मुलाला दोन वाट्या देणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. तो त्याच्या संरक्षणाचा पहिला पाठ आहे.

ठेवावे की घरी पाठवावे?

आता बैठकीतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपन्थक या भिक्खूची कथा आहे. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने, महापन्थकाने, त्याला विहार सोडून घरी जाण्यास सांगितले. रडत निघालेल्या चूळपन्थकाला भगवान बुद्धांनी थांबवले. त्यांनी गाथा पुन्हा घोकायला लावली नाही. एक स्वच्छ वस्त्र हातात दिले आणि ते हाताळत राहण्यास सांगितले. हाताळता हाताळता वस्त्र मळले आणि अनित्यता म्हणजे काय, ते त्याला उमगले. चूळपन्थक स्वमग्न होता, असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. ज्याला एका रीतीने येत नाही, त्याला दुसऱ्या रीतीने येईल काय, हे पाहिल्यावाचून त्याला दाराबाहेर काढू नये, एवढाच बोध येथे घ्यायचा आहे.

आधुनिक काळातील दोन उदाहरणे याच अंगाची आहेत. कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. तीन वर्षांचा असताना त्याला एका संस्थेत ठेवले होते, तेथे तो खालावला आणि आईवडिलांनी त्याला परत आणले. पुढे काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता. त्या शेतकऱ्याने तो नाद मोडून काढला नाही. नांगरताना मक्याच्या ओळी मोजायला सांगितले, विहीर खणून तिची खोली मोजायला लावली. डोनाल्ड पुढे महाविद्यालयात शिकला, गावातील बँकेत नोकरी केली, देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. त्या शेतकऱ्याने मानसशास्त्र वाचलेले नव्हते. मुलाला कशात रस आहे, एवढे त्याने ओळखले.

दुसरे उदाहरण ग्रँडिन यांचेच. चौदाव्या वर्षी, चिडवणाऱ्या मुलीला पुस्तक फेकून मारल्यामुळे त्यांना शाळेतून काढण्यात आले आणि त्या एका निवासी शाळेत आल्या. पुढे मावशीच्या गोठ्यावर त्यांनी पाहिले, की खोड्यात दोन्ही बाजूंनी दाब मिळाला की बिथरलेली काही जनावरे शांत होतात. आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यात खोडा असतो, तसाच तो प्रकार. त्यांनी स्वतःसाठी तसे एक लाकडी यंत्र बनवले आणि त्यांची घबराट कमी झाली. इतरांना हे विचित्र वाटले, परंतु विल्यम कारलॉक या विज्ञानशिक्षकाने, दाबाने शांत का वाटते याचा शास्त्रीय अभ्यास कर, असे सुचवले. त्या अभ्यासातून ग्रँडिन पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. परभणीसारख्या पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या गावातील विद्यार्थ्यांना त्यांचे नाव अवश्य सांगावे.

अर्थात, प्रत्येक स्वमग्न मूल बँकेत नोकरी करील किंवा प्राध्यापक होईल, असे नव्हे. काहींना आयुष्यभर मोठ्या आधाराची गरज असते. काही मुलांना घराजवळची शाळाच मानवते आणि तसे ती सांगतातही. त्यांचे तेही ऐकले पाहिजे. 'मला घरी जायचं आहे' या वाक्याचा अर्थ मात्र नीट शोधावा. ते वसतिगृह नको असे म्हणते, की केवळ रात्रीचा दिवा नको, शेजारचा दांडगा मुलगा नको, असे म्हणते? उत्तर दुसरे असेल, तर मुलाला हलवण्याऐवजी दिवा हलवावा आणि त्या दांडग्या मुलाला समज द्यावी.

शाळेने एकटीने सर्व काही करावे, असेही नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके शाळांत तपासणीसाठी येतात. त्यांच्यासमोर आपल्या शंका नोंदवाव्यात. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मापनश्रेणी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार होऊन २००९ मध्ये आली. तीत चाळीस मुद्दे आहेत आणि त्यांची उत्तरे निरीक्षणातून व पालकांच्या मुलाखतीतून मिळतात. प्रमाणपत्रामुळे परीक्षेतील सवलती आणि योजनांचे लाभ मिळतात, म्हणून ते अवश्य काढावे. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या 'उम्मीद' या केंद्रासारख्या संस्था मार्गदर्शन करतात. परंतु मुंबई काय किंवा सिकंदराबाद काय, परभणीहून रात्रभराचा प्रवास आहे. रोजचे ऐकणे येथेच, आपल्यालाच करायचे आहे.

यासाठी अशा प्रत्येक मुलाच्या नावे एक वही असावी, असे आम्ही सुचवतो. डाव्या पानावर मुलाने शब्दांनी, चित्रांनी किंवा कृतीने काय सांगितले ते लिहावे. उजव्या पानावर त्यानंतर शाळेने काय बदलले ते, तारखेसह लिहावे. डावे पान भरले आणि उजवे कोरे राहिले, तर मुलाने सांगितले पण आपण ऐकले नाही, असा त्याचा सरळ अर्थ होईल. राहण्या-न राहण्याचा निर्णय घेण्याआधी ही वही बैठकीत मोठ्याने वाचावी.

शिक्षक-बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या वसतिगृहाच्या नकाशात मुले कोणत्या जागा लाल रंगवतील, असे तुम्हाला वाटते? अंदाज आधी लिहून ठेवा, मग मुलांना रंगवू द्या आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहा.

२. 'हट्टी' किंवा 'घुमा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका विद्यार्थ्याची आठवडाभराची नोंद ठेवा. त्याचे वागणे कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणत्या आवाजानंतर बदलते?

३. गेल्या महिनाभरात कोणत्या मुलाचे कोणते 'नको' आपण मान्य केले? कोणते मान्य करता आले नाही, आणि त्याचे कारण त्याला कळेल अशा भाषेत कोणी सांगितले?

४. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांच्या मुलांना परतीचा महिना दिसेल अशी दिनदर्शिका प्रत्येक खोलीत लावण्याची जबाबदारी कोण घेईल आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागेल?